महागड्या क्रीमच्या डबीत आपण नेमके काय विकत घेतो?

गेल्या दिवाळीत अमेरिकेहून आलेल्या मावसबहिणीने मावशीसाठी चेहऱ्याला लावायचे एक क्रीम आणले. डबी जाड दुधी काचेची, हातात घेतली की वजन जाणवावे अशी. झाकण सोनेरी, क्रीम काढायला सोबत एवढासा चमचा, आणि हे सगळे मखमली खाचेत बसवलेले. क्रीम ५० मिलिलिटर, म्हणजे आमटीच्या वाटीचा तळ जेमतेम झाकेल इतके, आणि किंमत रुपयांत सांगायची तर बावीस हजारांच्या घरात. मावशीने ती डबी फ्रिजमध्ये लोण्याच्या भांड्यामागे ठेवली होती आणि लग्नकार्याला निघताना तेवढी ती बाहेर काढत असे. "एवढ्या पैशांचं आहे, म्हणजे काहीतरी असेलच की त्यात," असे ती म्हणाली. तिच्या त्या वाक्याला नीट उत्तर द्यावे, म्हणून मी भिंग घेऊन खोक्याच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलेली घटकांची यादी वाचायला बसले.

ही यादी वाचण्याची एक रीत आहे आणि ती एकदा कळली की दुकानात उभ्या उभ्या कोणत्याही डबीचा अंदाज घेता येतो. भारतात २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार, आणि अमेरिका व युरोपातही जवळजवळ तशाच नियमांनुसार, ज्या घटकांचे प्रमाण १ टक्क्याहून जास्त आहे ते उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. १ टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक त्यानंतर कोणत्याही क्रमाने लिहिले तरी चालतात. ही १ टक्क्याची रेघ यादीत कुठे पडते ते छापलेले नसते, परंतु ती शोधायला एक खूण उपयोगी पडते. क्रीम नासू नये म्हणून घातले जाणारे फिनॉक्सिएथेनॉल हे द्रव्य पुष्कळ क्रीममध्ये असते आणि युरोपच्या नियमांत त्याची कमाल मर्यादा १ टक्का आहे, जी बहुतेक मोठे उत्पादक सगळीकडेच पाळतात. त्यामुळे या नावाच्या नंतर जे काही छापलेले असेल, ते प्रत्येकी १ टक्क्याहून जास्त नाही असे समजायला हरकत नाही. मावशीच्या खोक्यावर पहिले नाव पाण्याचे होते, दुसरे ग्लिसरीनचे, मग सिलिकोनचा एक प्रकार, मग सेटिल अल्कोहोल नावाचा मेणासारखा पदार्थ आणि शिया बटर. ज्याचे चित्र खोक्याच्या दर्शनी बाजूला मोठे छापले होते, त्या मोत्याच्या अर्काचे नाव फिनॉक्सिएथेनॉलच्या आणि सुगंधद्रव्याच्याही नंतर, शेवटून चौथे होते. ५० ग्रॅम क्रीममध्ये १ टक्का म्हणजे अर्धा ग्रॅम, जेमतेम एक चिमूट, आणि तीही जास्तीत जास्त.

अर्थात प्रमाण कमी आहे एवढ्यावरून एखादा घटक निरुपयोगी ठरत नाही, कारण काही द्रव्ये शतांश टक्क्यांतही काम करतात. म्हणून यादीनंतरचा प्रश्न त्वचेला विचारावा लागतो: तिच्यावर लावलेले काय तिच्यात शिरते आणि शिरल्यावर काय करते?

आपण आरशात जी त्वचा पाहतो तिचा सर्वांत वरचा थर मृत पेशींचा असतो आणि चेहऱ्यावर त्याची जाडी मिलिमीटरच्या साधारण शंभराव्या भागाइतकी असते. शास्त्रज्ञ या थराला विटांच्या भिंतीची उपमा देतात. चपट्या झालेल्या मृत पेशी या विटा, आणि त्यांच्या सांध्यांत भरलेले सेरामाइड, कोलेस्टेरॉल व मेदाम्ले हा चुना. ही भिंत दोन कामे करते. शरीरातले पाणी ती बाहेर उडून जाऊ देत नाही आणि बाहेरचे पदार्थ आत येऊ देत नाही. थंडीत, एसीच्या कोरड्या हवेत, कडक साबणाने किंवा वय वाढल्यामुळे सांध्यांतला चुना झिजतो, पाणी निसटू लागते, विटांच्या कडा उचकटतात आणि त्वचा खरखरीत दिसू लागते. डोळ्यांच्या कोपऱ्यातल्या बारीक रेषा अशा वेळी अधिक ठळक होतात, हे विदर्भातल्या किंवा मराठवाड्यातल्या पौष महिन्यात कोणालाही सांगावे लागत नाही.

मॉइश्चरायझर म्हणून जे काही विकले जाते, त्याचे काम या भिंतीची डागडुजी एवढेच असते आणि ते काम खरोखर होते. ग्लिसरीन, युरिया, ह्यालुरोनिक ॲसिड ही द्रव्ये पाणी धरून ठेवतात. शिया बटरसारखे स्निग्ध पदार्थ विटांमधल्या फटी भरतात. पेट्रोलियम जेली, खनिज तेल, मेण यांचा पातळ पडदा वरून पाण्याची वाट अडवतो. क्रीम लावल्यानंतर घटकाभरातच चेहरा भरल्यासारखा दिसतो आणि बारीक रेषा पुसट होतात, ते याच कारणाने. कोरडा पापुद्रा पाणी पिऊन फुगलेला असतो. हा परिणाम खोटा नाही, पण तो तात्पुरता आहे आणि महत्त्वाचे म्हणजे तो साधण्यासाठी लागणारे घटक फार जुने व फार स्वस्त आहेत. पेट्रोलियम जेलीचे पेटंट रॉबर्ट चेसब्रो यांनी १८७२ मध्ये घेतले आणि पाणी अडवण्यात तिच्या तोडीचे द्रव्य आजही क्वचितच सापडते. हॅम्बुर्गच्या बायर्सडॉर्फ कंपनीने लोकरीच्या मेदापासून काढलेल्या पायसकारकाच्या, म्हणजे तेल आणि पाणी एकजीव ठेवणाऱ्या द्रव्याच्या, आधारे निव्हिया क्रीम १९११ मध्ये बाजारात आणले. आपल्या कोकणात आणि गोव्यात रातांब्याच्या बियांतून निघणारे तेल, ज्याला कुठे मुठेल तर कुठे भिरंडेल म्हणतात, भेगाळलेल्या टाचांवर आणि फुटलेल्या ओठांवर पिढ्यान्‌पिढ्या लावले जाते. तेच तेल आज कोकम बटर या नावाने जगभरातल्या सौंदर्यप्रसाधनांत वापरले जाते.

महागड्या क्रीमचे सर्वांत गाजलेले उदाहरण म्हणून 'क्रेम द ला मेर' पाहण्याजोगे आहे. प्रयोगशाळेतल्या अपघातात भाजलेल्या मॅक्स ह्यूबर नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने समुद्री शेवाळ आंबवून त्यातून ते तयार केले, अशी त्याची कथा सांगितली जाते आणि १९९५ पासून ते एस्टी लॉडर समूहाकडे आहे. ६० मिलिलिटरच्या डबीला अमेरिकेत काही शे डॉलर पडतात. त्याच्या यादीत पहिल्या क्रमांकावर शेवाळाचा अर्क आहे, आणि त्यामागोमाग खनिज तेल, पेट्रोलियम जेली, ग्लिसरीन, सूक्ष्मस्फटिकी मेण आणि लॅनोलिन अल्कोहोल ही नावे येतात. यांपैकी खनिज तेल, ग्लिसरीन, ते मेण आणि लॅनोलिन अल्कोहोल ही चारही द्रव्ये निव्हियाच्या निळ्या डबीच्या यादीतही अगदी वरच आहेत. दोन्ही क्रीम एकच आहेत असे यावरून म्हणता येणार नाही, कारण शेवाळाचा अर्क एकात आहे आणि दुसऱ्यात नाही, घटकांचे प्रमाण वेगळे आहे आणि स्पर्शही वेगळा आहे. परंतु त्वचेचे पाणी अडवण्याचे आणि तिला मऊ ठेवण्याचे काम दोन्ही डब्यांत एकाच कुळातले घटक करतात, एवढे मात्र त्या याद्या स्पष्टपणे सांगतात.

यावर कोणी म्हणेल की, मऊपणासाठी इतके पैसे कोण देते? पैसे द्यायचे ते सुरकुत्या जाव्यात म्हणून. येथे त्वचेच्या दुसऱ्या थराचा विचार करावा लागतो. सुरकुत्यांचे मूळ वरच्या भिंतीत नसून तिच्या खालच्या अंतस्त्वचेत असते. तिथे कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचे तंतू त्वचेला ताठपणा देतात. वयाबरोबर आणि त्याहून अधिक उन्हामुळे हे तंतू तुटतात आणि नवे पुरेसे तयार होत नाहीत. मग कोलॅजेनच क्रीममध्ये घालून त्वचेला का देऊ नये, असा विचार सहज मनात येतो आणि 'कोलॅजेन क्रीम' हे नाव त्याच विचारावर खपते. अडचण आकाराची आहे. रेणूंचे वजन डाल्टन या एककात मोजतात, आणि बॉस व माइनार्डी या संशोधकांनी २००० साली मांडलेल्या व आजही सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या ठोकताळ्यानुसार साधारण ५०० डाल्टनहून मोठा रेणू धडधाकट त्वचेतून आत जाऊ शकत नाही. कोलॅजेनच्या एका रेणूचे वजन आहे सुमारे ३ लाख डाल्टन. पीठ चाळायच्या चाळणीतून नारळ जाईल अशी आशा धरावी तसे हे आहे. कोलॅजेन त्वचेच्या वर बसते, थोडे पाणी धरून ठेवते आणि धुतले की निघून जाते. बहुतेक ह्यालुरोनिक ॲसिडचेही तसेच. ते ओलावा उत्तम देते, पण खोलवर जाऊन त्वचा 'भरून काढते' हा दावा त्याच्या आकाराशी जुळत नाही.

आत जाऊन खरोखर बदल घडवणारी द्रव्ये थोडी आहेत, त्यांतले पहिले म्हणजे ट्रेटिनॉइन. हे अ जीवनसत्त्वाच्या कुळातले असून त्याचे वजन जेमतेम ३०० डाल्टन आहे. मुरमांवरचे औषध म्हणून ते आधीपासून वापरात होते. ते वापरणाऱ्या वयाने मोठ्या स्त्रियांची त्वचा नितळ दिसू लागल्याचे फिलाडेल्फियाचे त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन यांच्या लक्षात आले, आणि उन्हाने जून झालेल्या त्वचेवरचा त्याचा परिणाम त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केला. त्यानंतर झालेल्या तुलनात्मक चाचण्यांतही तो टिकला आणि १९९५ मध्ये अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी बारीक सुरकुत्यांसाठी त्याला मान्यता दिली. त्वचा नवे कोलॅजेन तयार करू लागते, हे त्यात सूक्ष्मदर्शकाखाली दिसते. भारतात ट्रेटिनॉइनची ट्यूब औषधांच्या दुकानात थोडक्या पैशांत मिळते, मात्र डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच ती घ्यायची असते आणि या अटीला अर्थ आहे. सुरुवातीला त्वचा लाल होते, सोलवटते, ऊन अधिक लागते. सावळ्या त्वचेवर या जळजळीचे काळे डाग मागे राहू शकतात. आणि गरोदरपणात किंवा मूल होण्याचा विचार असताना हे औषध वापरायचे नसते. ज्याचा परिणाम खरा, त्याला पथ्यही असते.

सौंदर्यप्रसाधनांतले रेटिनॉल हे ट्रेटिनॉइनचे सौम्य भावंड आहे. त्वचेत गेल्यावर त्याचे थोडेथोडे रूपांतर होते, त्यामुळे ते कमी जळजळते आणि कमी काम करते. क जीवनसत्त्व, म्हणजे ॲस्कॉर्बिक ॲसिड, १७६ डाल्टनचे असल्याने त्वचेत शिरू शकते, परंतु त्यासाठी ते पुरेसे आम्लधर्मी मिश्रणात, साडेतीनहून कमी पीएचमध्ये, असावे लागते. नायसिनामाइड तर याहूनही लहान, टिकाऊ आणि स्वस्त आहे. ४ ते ५ टक्के प्रमाणात ते डाग आणि बारीक रेषा काहीशा कमी करते असे चाचण्यांत आढळले आहे. या तिघांपैकी पहिल्या दोघांना हवा आणि उजेड सोसत नाही. कापलेले सफरचंद ताटात ठेवले की तांबूस पडते, तसे क जीवनसत्त्वाचे द्रावणही उघडे राहिले की पिवळे आणि मग तपकिरी होते, आणि तोवर त्यातला जीव गेलेला असतो. म्हणून ही द्रव्ये ॲल्युमिनियमच्या ट्यूबमध्ये किंवा हवा आत न जाणाऱ्या पंपात ठेवायची असतात. रुंद तोंडाची देखणी काचेची डबी, जिच्यामुळे महागडे क्रीम महागडे वाटते, तीच या नाजूक द्रव्यांना सर्वांत घातक आहे, कारण प्रत्येक वेळी झाकण उघडले की सगळ्या क्रीमला हवा लागते आणि बोटांवरचे जंतूही आत जातात. या गोष्टीचा मला मनापासून राग येतो. चांगला घटक विकत घेऊनही तो ग्राहकाच्या त्वचेपर्यंत धड पोहोचत नाही.

मग जाहिराती इतके मोठे दावे कसे करतात? याचे उत्तर कायद्याच्या भाषेत आहे. आपल्याकडे १९४० च्या औषधे आणि सौंदर्यप्रसाधने कायद्यानुसार सौंदर्यप्रसाधन म्हणजे शरीर स्वच्छ करण्यासाठी, सुंदर करण्यासाठी किंवा त्याचे दिसणे बदलण्यासाठी वापरायचा पदार्थ. शरीराची रचना किंवा कार्य बदलते असे म्हटले की तो पदार्थ औषधांच्या वर्गात जाऊ लागतो, आणि औषध म्हटले की चाचण्या, परवाने, पुरावे सगळेच द्यावे लागते. म्हणून जाहिरातीतले क्रियापद नीट वाचावे. 'सुरकुत्या कमी दिसतात' आणि 'सुरकुत्या कमी होतात' या दोन वाक्यांत मराठीत एका शब्दाचा फरक आहे, परंतु पहिले वाक्य कोणतेही बरे मॉइश्चरायझर खरे करून दाखवते आणि दुसरे सिद्ध करायला वर्षे लागतात. ही मर्यादा ओलांडली की कारवाई होते. लांकोम या नामांकित फ्रेंच छापाच्या क्रीमबद्दल जनुकांची क्रिया वाढते अशा स्वरूपाचे दावे केल्याबद्दल अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी सप्टेंबर २०१२ मध्ये इशारापत्र पाठवले. पुढे २०१४ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने लांकोम ज्या लॉरिआल समूहाचे आहे त्याच समूहाच्या, १३२ डॉलरपर्यंत किंमत असलेल्या 'जेनिफिक'च्या आणि दुसऱ्या एका उत्पादनाच्या जनुकविषयक जाहिरातींवर आक्षेप घेतला आणि पुराव्याशिवाय असे दावे करणार नाही, असे कंपनीला मान्य करावे लागले. 'शंभरपैकी इतक्या जणींना त्वचा अधिक तरुण वाटली' हे वाक्यही असेच तपासून घ्यावे. ते बहुधा वापरणाऱ्यांना भरायला दिलेल्या प्रश्नावलीतून आलेले असते, आणि दुसऱ्या गटाला साधे क्रीम देऊन तुलना केली होती का, हे त्यात सांगितलेले नसते.

किंमत आणि परिणाम यांची थेट तुलना फार थोड्या जणांनी केली आहे. अमेरिकेतल्या 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' या ग्राहकसंस्थेने २००७ च्या सुरुवातीला सुरकुत्यांवरच्या काही क्रीमची चाचणी प्रसिद्ध केली. बारा आठवड्यांनंतर सर्वांत चांगल्या क्रीमनेही सुरकुत्यांची खोली सरासरी १० टक्क्यांहून कमीच घटवली होती आणि किंमत व परिणाम यांचा काही संबंध आढळला नव्हता. सर्वांत महागडे क्रीम उलट तळाच्या गटात होते. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये बीबीसीच्या एका विज्ञान कार्यक्रमात मँचेस्टरच्या त्वचारोगतज्ज्ञांनी 'बूट्स' या औषधदुकानांच्या साखळीचे, १७ पौंडांहून कमी किमतीचे एक सीरम तपासले आणि त्याचा काही खरा परिणाम दिसतो असे सांगितले. त्यानंतर ते दुकानांतून हातोहात संपले. त्यावरची ६० जणांची रीतसर चाचणी २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. सहा महिन्यांनी सीरम लावणाऱ्यांपैकी ४३ टक्के लोकांच्या सुरकुत्यांत सुधारणा दिसली, आणि तसेच दिसणारे पण क्रियाशील घटक नसलेले सीरम लावणाऱ्यांपैकी २२ टक्के. यातला दुसरा आकडा मला अधिक बोलका वाटतो, कारण नुसत्या ओलाव्याने आणि नियमित निगेने दर पाच जणांमागे एकाला फरक पडतो, ही त्यातून कळणारी गोष्ट आहे. महागडे क्रीम लावून "मला फरक जाणवला" असे जी मैत्रीण सांगते ती खोटे बोलत नसते. तिला फरक पडलेलाच असतो, फक्त तो बावीस हजारांमुळे पडला की ग्लिसरीनमुळे, हे तिला एकटीला ओळखता येण्याचा मार्ग नसतो.

पैसे जातात कुठे, तेही पाहिले पाहिजे. लॉरिआल ही जगातली सर्वांत मोठी सौंदर्यप्रसाधन कंपनी असून तिचे हिशेब जाहीर असतात. २०२३ साली तिची विक्री ४१ अब्ज युरोंहून थोडी अधिक होती. त्यातल्या प्रत्येक १०० युरोंपैकी माल तयार करण्याचा खर्च, म्हणजे घटक, डबी, कारखाना सगळे धरून, सुमारे २६ युरो होता. जाहिरात आणि प्रसार यांवर ३२ युरोंहून जास्त गेले. आणि संशोधनावर ३ युरोंच्या आसपास. हे आकडे समूहाच्या स्वस्त व महाग अशा सर्व उत्पादनांचे एकत्रित आहेत, त्यामुळे एका विशिष्ट डबीला ते जसेच्या तसे लावता येणार नाहीत, पण पैशांचा ओघ कोणत्या दिशेने आहे ते त्यांवरून कळते. लांकोम, हेलेना रुबिनस्टाइन, गार्निए आणि सेराव्ही हे सगळे छाप याच एका समूहाचे आहेत. तिकडे ला मेर ज्या एस्टी लॉडरचे आहे, त्याच समूहाकडे अल्प किमतीत साध्या बाटल्यांतून नायसिनामाइड आणि रेटिनॉल विकणारा 'द ऑर्डिनरी' हा छापही आहे. महाग छापासाठी काही गुप्त शास्त्र राखून ठेवले आहे आणि स्वस्त छापाला ते मिळत नाही, असा समज असेल तर तो या मालकीच्या चित्राशी जुळत नाही.

असे असले तरी महागड्या क्रीममध्ये काहीच नसते असे म्हणणे अन्यायाचे होईल. पेट्रोलियम जेली कितीही गुणकारी असली तरी मुंबईच्या दमट हवेत ती चेहऱ्यावर फासून लोकलमध्ये कोणी चढणार नाही. लावताक्षणी मुरणारे, चिकट न लागणारे, वर पावडर लावली तरी गोळा न होणारे क्रीम तयार करण्यात रसायनतज्ज्ञांचे कसब असते आणि त्या कसबाला किंमत आहे. जे क्रीम लावायला आवडते तेच रोज लावले जाते, हाही विचार करावा लागतो. माझ्या पाहण्याप्रमाणे हे कसब आता शंभर रुपयांच्या क्रीममध्ये क्वचित, आणि चारशे ते हजार रुपयांच्या दरम्यान सर्रास मिळते. त्यापुढे जे वाढते ते सुगंध, डबी आणि आपण स्वतःसाठी काहीतरी खास केले हे समाधान. ते समाधान ज्यांना परवडते आणि हवे आहे त्यांनी जरूर घ्यावे. मात्र दाट सुगंध असलेली क्रीम नाजूक त्वचेला खाज आणि पुरळ देऊ शकतात, कारण सुगंधद्रव्ये हे सौंदर्यप्रसाधनांच्या ॲलर्जीचे एक नेहमीचे कारण आहे, आणि या बाबतीत साधे, बिनवासाचे क्रीमच बहुधा सरस ठरते.

स्वस्ताईचीही एक काळी बाजू आहे आणि ती आपल्या महाराष्ट्राने पाहिलेली आहे. काही वर्षांपूर्वी अकोल्यातल्या एकाच घरातल्या तिघींना मूत्रपिंडाचा विकार झाला आणि त्याचा माग त्या वापरत असलेल्या गोरेपणाच्या क्रीमपर्यंत पोहोचला; त्यात मर्यादेच्या कितीतरी पट पारा असल्याचे मुंबईच्या केईएम रुग्णालयात झालेल्या तपासणीत दिसले. पारा मेलॅनिन, म्हणजे त्वचेला रंग देणारे द्रव्य, तयार होण्याची क्रिया अडवतो, म्हणून रंग उजळल्यासारखा वाटतो, आणि तोच त्वचेतून रक्तात जाऊन मूत्रपिंडाला इजा करतो. तसेच स्टेरॉइड घातलेल्या क्रीमचे. मैत्रिणीने सांगितले म्हणून किंवा मेडिकलवाल्याने दिले म्हणून महिनोन्‌महिने लावलेल्या अशा क्रीमने चेहरा आधी उजळतो, मग पातळ होतो, लाल राहतो, मुरुमे आणि केस उगवतात, आणि बंद केले की आग होते म्हणून सोडवतही नाही. ज्या डबीवर घटकांची यादी, निर्मात्याचा पत्ता आणि परवाना क्रमांक नाही, ती कोणत्याही किमतीला घेऊ नये. आठवड्याभरात रंग बदलून दाखवणारे क्रीम तर मुळीच नको.

आता जे पैसे वाचतील ते कुठे लावावेत, हा प्रश्न उरतो आणि त्याचे उत्तर पुराव्याच्या दृष्टीने आश्चर्यकारक वाटावे इतके साधे आहे. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमधल्या नॅम्बोर या गावी १९९२ पासून साडेचार वर्षे एक चाचणी चालली. तिच्यातल्या पंचावन्न वर्षांखालील ९०३ प्रौढांच्या त्वचेचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे गट पाडले होते. एका गटाने रोज सनस्क्रीन लावायचे आणि दुसऱ्याने नेहमीप्रमाणे, वाटेल तेव्हा. सुरुवातीला आणि शेवटी त्यांच्या हाताच्या पाठीच्या त्वचेचे सिलिकोनचे ठसे घेतले. रोज लावणाऱ्यांच्या त्वचेचे वय साडेचार वर्षांत मोजता येण्याइतके वाढलेच नव्हते आणि दुसऱ्या गटाच्या तुलनेत त्यांची त्वचा २४ टक्के कमी जून झाली होती. त्यांना दिलेले सनस्क्रीन साधे, एसपीएफ, म्हणजे उन्हापासून संरक्षणाचा आकडा, १५ पेक्षा थोडा जास्त असलेले होते. सुरकुत्यांवरच्या कोणत्याही आलिशान क्रीमच्या पाठीशी इतक्या माणसांवर, इतका काळ चाललेली अशी चाचणी माझ्या पाहण्यात नाही.

सनस्क्रीनच्या बाबतीत काटकसर मात्र अंगाशी येते. डबीवरचा एसपीएफचा आकडा दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम या जाडीने लावून मोजलेला असतो. व्यवहारात चेहरा आणि मान यांसाठी तर्जनी आणि मधले बोट यांच्या लांबीइतक्या दोन रेघा, म्हणजे साधारण १ ग्रॅम. या हिशेबाने ५० ग्रॅमची ट्यूब दिवसातून एकदा लावली तर पन्नास दिवसांत संपली पाहिजे. ती सहा महिने पुरत असेल तर लिहिलेल्या संरक्षणाचा लहानसा अंशच मिळतो आहे. म्हणून चार हजारांचे सनस्क्रीन थेंबथेंब लावण्यापेक्षा चारशेचे भरपूर लावणे केव्हाही चांगले. आपल्या सावळ्या त्वचेला सुरकुत्या तुलनेने उशिरा पडतात, परंतु वांग आणि डाग लवकर येतात, आणि त्यांना अतिनील किरणांबरोबर साधा दृश्य प्रकाशही कारणीभूत असतो. वांग असलेल्यांना म्हणूनच डॉक्टर लोह ऑक्साइडचा रंग असलेले, त्वचेच्या छटेचे सनस्क्रीन सुचवतात. खिडकीशी बसून काम करणाऱ्यांनीही लक्षात ठेवावे की त्वचा जून करणारे अतिनील-ए किरण काचेतून आत येतात.

मावशीला मी हे सगळे एका बैठकीत सांगितले नाही. खोक्यावरचे उघड्या डबीचे छोटे चित्र आणि त्यातली '१२ एम' ही अक्षरे तेवढी दाखवली. झाकण उघडल्यापासून बारा महिन्यांत क्रीम संपवावे असा त्याचा अर्थ. तिने ते दिवाळीत उघडले होते, म्हणजे आता पाच महिने उरले होते आणि डबीत जवळजवळ सगळे क्रीम तसेच होते. आता ती ते रोज रात्री चेहऱ्याला, मानेला आणि हातांच्या पाठीलाही लावते. सकाळी फुले आणायला बाहेर पडण्याआधी लावायची सनस्क्रीनची ट्यूब आम्ही दोघींनी कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून आणली, तिच्यावर पेनाने तारीख घातली, आणि पहिली ट्यूब सत्तेचाळीस दिवसांत संपली.